विलायती भुताला गाऱ्हाणं

दौलतला भूत लागलं ते पर्णिकाच्या इंग्रजी पुस्तकामुळे, असं माझी सून शर्वाणी सगळ्यांना सांगत फिरते. साफ खोटं. पुस्तक बिचारं मिटून पडलं होतं. दौलतला भूत लावलं ते मी. केलं ते केलं म्हणायला मी घाबरत नाही, आणि माझ्या मेहनतीचं नाव पुस्तकाला का द्यायचं?

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. शारजात, रोल्ला नावाच्या भागात, कापडवाल्यांच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. मुलगा रणजित एसीची काँट्रॅक्टं घेतो, सून ऑफिसात जाते, आणि मी हॉलमध्ये खानावळ चालवते. जेवायला सगळी आमच्या कुडाळ-मालवणकडची माणसं. कोणी सेंटरिंगवाला, कोणी पेंटर, कोणी वेल्डर. बायकापोरं गावी ठेवून आलेली. बाहेरचे रबरासारखे पराठे खाऊन पोटं बिघडलेली. आधी चार आले, मग बारा, मग वीस झाले आणि मी दार लावून घेतलं. शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी, म्हणून त्या दिवशी बांगड्याचं तिखलं, सोलकढी आणि तांदळाच्या भाकऱ्या.

भाकऱ्या रोजच लागायच्या, आणि त्या दौलतच्या. दौलत माझा चुलत दीर, घरातलं शेंडेफळ, तेव्हा छत्तिशीचा. मीच त्याला रणजितच्या कंपनीत लावायला आणला. पण एसीच्या कामात त्याचा जीव रमेना. दोनदा शिडीवरून खाली आला, दुसऱ्यांदा तर गिऱ्हाइकाच्या टीपॉयवर. तेव्हा मी म्हटलं, माणूस मोडण्यापेक्षा स्वयंपाकघरात घे. आणि काय सांगू, पुरुषाच्या हातची अशी भाकरी मी जन्मात पाहिली नाही. पातळ, गोल, पापुद्रा असा सुटायचा की फुंकर मारली तर उडेल. माझ्यापेक्षा बरी व्हायची. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसतात.

लग्न झालं आणि पाचव्या महिन्यात तो विमानात बसलेला. त्याला सात वर्षं झाली. मधे दोनदा रजेवर गेला, तेवढाच संसार. आता कुठे रणजितने खटपट करून त्याच्या बायकोचा, कावेरीचा, व्हिसा काढला होता. महिन्याभरात ती येणार. मागच्या खोलीत दोघं राहणार, मलाही खानावळीत आणखी दोन हात मिळणार. पण कावेरीचा व्हिसा दौलतच्या व्हिसावर. त्याचा कॅन्सल झाला की तिचा खलास. आणि असा एकदा खलास झालेला पुन्हा निघेल का, तर सगळे एकच उत्तर देतात, इन्शाल्ला.

आता खुर्चीचं सांगते. एक म्हातारा इंग्रज वीस वर्षं दुबईत राहून परत आपल्या देशी चालला होता. हे गोरे जाताना घरातलं सगळं विकतात, चमच्यापासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत. रणजितने त्याचे एसी सांभाळलेले, म्हणून त्याने चामड्याची, उंच पाठीची एक खुर्ची साठ दिरहमला दिली, म्हणजे तेव्हाचे आपले पावणेसातशे. वर एक खोका पुस्तकं फुकट. खुर्ची आम्ही हॉलमध्ये खिडकीशी ठेवली. खोका पर्णिकाने पळवला.

पर्णिका माझी नात, अकरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडण मात्र बरोबर जुळतं. दुपारी शाळेतून आली की ती ओट्यावर चढून बसायची आणि त्या खोक्यातलं एक जाड पुस्तक मला वाचून दाखवायची. मी मासे साफ करायची. एक वाक्य इंग्रजीत, मग तिचं मोडकं मराठी. सगळ्या भुतांच्या गोष्टी. पहिली मोठी लढाई संपलेली, दुसरी लागायची होती, त्या मधल्या वर्षांत तिकडच्या लेखकांनी लिहिलेल्या.

पहिल्यांदा मला ती भुतं पटलीच नाहीत. आपलं भूत कसं, समोर येतं, काय हवं ते मागतं, कोंबडा घेतं, वाटेला लागतं. व्यवहार चोख. ही इंग्रजांची भुतं मेली काही बोलतच नाहीत. एक तर वीस पानं नुसतं पडद्यामागे उभं. आणि भेटणार कोणाला, तर कोणी एकटा वकील नाहीतर प्रोफेसर, बायको नाही, मूल नाही, बाहेर धुकं, आत शेकोटी, नोकर मेणबत्ती ठेवून गेलेला.

"एवढी भीती वाटते तर झोपत का नाही तो नोकराच्या खोलीत जाऊन?" मी म्हटलं.

"आजी, ही कान्ट! ही इज अ जंटलमन."

"मग मरू दे."

"अँड ही डज," पर्णिका म्हणाली आणि पान उलटलं.

पण एकदा तिने पुस्तकाच्या सुरुवातीचं वाचून सांगितलं की त्या लढाईत तिकडच्या घराघरातले तरुण मुलगे मेले होते, कितीतरी जणांचं प्रेतही घरी आलं नाही. तेव्हा मला कळलं. म्हणजे दहावं नाही, तेरावं नाही, पिंडाला कावळा नाही. मग घरोघरी भुतं होतील नाहीतर काय होईल? तेव्हापासून मी त्या गोष्टी नीट कान देऊन ऐकायला लागले. आणि ऐकलेलं पोटात ठेवायचा मला रोग नाही. शुक्रवारी जेवणं झाली, बडीशेप फिरली, की वीस जणांना एक गोष्ट. माणसं भिंतीला पाठ लावून बसायची, आणि दुपारी दोनच्या उन्हातही पाय पोटाशी घ्यायची.

मधेमधे बोलायचा एकच, भानुदास. जेवणाऱ्यांत सगळ्यात म्हातारा, पेंटर, आणि गावी त्याच्या घराण्याला देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा, मान. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्याचं ठरलेलं. "येवढो शिकलेलो वकील. एक नारळ ठेवलो असतो, तर मिटला असता."

मग आली ती खुर्चीची गोष्ट. एका वकिलाने लिलावात जुनी खुर्ची घेतली. दलदलीच्या काठी कोणाचं तरी घर मोडलं होतं, तिथली. रोज संध्याकाळी तो कामावरून येऊन बसायला जातो, तर खुर्ची गरम. जणू आत्ताच कोणी उठून गेलंय. नोकराला विचारतो, नोकर म्हणतो कोणी नाही. पुढे पुढे गादीवर खळगा दिसायला लागतो, माणूस बसल्यासारखा. वकिलाला बसायचा धीर होत नाही. आणि एका सकाळी नोकर येऊन बघतो, तर वकील खोलीच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या मेलेला, टोपी हातात, आपली पाळी येईल म्हणून वाट बघत असल्यासारखा. आणि समोर गादीवरचा खळगा हळूहळू वर येतोय.

एवढंच पुस्तकात होतं. कोणालाही पुरलं असतं. पण मी सांगताना वीस जणांचे डोळे बघितले, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वकील मेला, सामान विकलं गेलं. खुर्ची बोटीत चढली. कोणी म्हणतं आफ्रिकेत गेली, कोणी म्हणतं गल्फात." आणि खिडकीकडे हळूच मान वळवली.

वीस माना वळल्या. स्वयंपाकघराच्या दारात दौलत उभा होता, त्याच्या हातातली परात खाली पडली. सगळे दचकले, मग हसले. मीही हसले. दौलत एकटा हसला नाही, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या बिघडल्या. जाड, कडेला चिरलेल्या, मधे कच्च्या. मी म्हटलं, "काय रे, हाताला लकवा झाला?" तर म्हणतो, "वयनी, माझ्या पाठी कोण तरी उभा आसा."

"तुझ्या पाठी फ्रीज आहे."

"खुर्ची गरम आसा, वयनी. सकाळी हात लावून बघितलंय."

"मे महिन्यात शारजात थंड खुर्ची दाखव मला! नळाखाली हात धरला तर फोड येतात इथे, आणि तुला खुर्ची गरम लागली होय?"

पण तो हॉलमधून जाताना भिंतीला चिकटून जायला लागला, खेकड्यासारखा. जेवण कमी केलं. आणि आठवड्याने, मला न विचारता, रणजितला जाऊन म्हणाला, माझा व्हिसा कॅन्सल कर, माका घराक जावचा आसा.

रणजित रात्री जेवताना म्हणाला, "आई, काकाला झालंय काय? पंधरा दिवसांवर काकूचं तिकीट आलंय. हा कॅन्सल झाला तर तिचा व्हिसा कचऱ्यात जाईल. मी शनिवारपर्यंत पेपर धरून ठेवतो. त्यापुढे तो स्वतः व्हिसाच्या ऑफिसात जाऊन बसेल."

शर्वाणीने फक्त माझ्याकडे बघून भात कालवला. सुनांचं ते कालवणं मला कळतं.

मी दौलतला बोलावून सरळ सांगितलं की शेवटचं बोटीचं मी पदरचं घातलं. पर्णिकाला पुस्तक घेऊन उभं केलं. तिने शेवटचं पान वाचलं, बोट ठेवून दाखवलं की बोट नाही, गल्फ नाही, काही नाही. "अंकल, इट्स फिक्शन. मेड अप. ऑल लाइज."

दौलतने पुस्तक हातात घेऊन वजन केलं. "येवढा जाड? गोरे येवढा खोटा फुकट कित्याक लिवतीत? तुम्ही माका धीर देवक बोलतास."

आता आली का पंचाईत! जन्मभर खरं बोलून लोकांची मनं मोडली, तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. एकदा थाप मारली ती खरी ठरली, आणि खरं सांगितलं ती थाप.

मग मी स्वतः त्या खुर्चीत बसले. दुपारभर मांडी घालून चार किलो तांदूळ निवडले, तिथेच एक डुलकी काढली. उठून म्हटलं, "बघ. काय झालं मला?"

"तुमका काय होवचा नाय, वयनी," दौलत अगदी मनापासून म्हणाला. "तुमका तो भियाता."

खुर्ची टाकून देते म्हटलं तर तेही नको. टाकलेली वस्तू मालकाच्या आधी घरी पोचते, असं त्याच्या आजीने त्याला सांगितलेलं. शेवटी गुरुवारी मी भानुदासला बोलावलं. तो चहा पीत बराच वेळ खुर्चीकडे बघत बसला, भिंतीला किती हात रंग लागेल ते बघावं तसा.

"गाऱ्हाणा घालूक व्हया," तो म्हणाला.

"मग घाल. तुझ्या घराण्याचा मान."

"मी घालीन गे, पण तेका समजतला काय? गावच्या देवचाराक, राखणदाराक, आमची भाषा येता. ह्यो सायब. ह्येका मालवणी येता?"

हे मात्र खरं होतं. गाऱ्हाणं म्हणजे काय पोपटपंची नव्हे. ज्याला घालायचं त्याला कळलं पाहिजे, नाहीतर कोर्टात भलत्याच भाषेत अर्ज केल्यासारखं. आम्ही दोघांनी एकदमच ओट्याकडे बघितलं. पर्णिका पाय हलवत चिप्स खात होती.

"नो," ती म्हणाली. "नो वे."

"तुला गच्चीवर सायकल चालवायची होती ना?"

"...फाइन."

मग नैवेद्यावर वाद. भानुदास म्हणाला, गावी कोंबडा आणि बाटली. मी म्हटलं, "शारजात बाटली? भुताच्या आधी पोलीस येतील. भूत सुटेल आणि आपण सगळे आत." कोंबड्याला पर्णिकाने विरोध केला. शेवटी ठरलं की विलायती माणूस आहे, दुधाचा चहा कपबशीत, बशीत चार क्रीमची बिस्किटं, आणि नारळ एक, कारण नारळ कुठल्याही जातीच्या भुताला चालतो.

शुक्रवारी नमाज संपून गल्लीतली गर्दी पांगली, जेवणं आटपली, आणि वीस जण हात जोडून हॉलमध्ये उभे राहिले. मध्ये खुर्ची, पुढे स्टुलावर चहा. दौलतला समोर उभा केला. भानुदासने तोंड उघडलं आणि त्याची बोबडीच वळली. सायबापुढे शब्द फुटेना. जन्मभर सायबांची घरं रंगवून त्याला तशी सवय झालेली. मग मी पदर खोचला. बाईने गाऱ्हाणं घालायचं नसतं म्हणतात. म्हणू देत. पुरुषांना जमत नाही तेव्हा नियम बघत बसायचं का?

"हे विलायतेच्या सायबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वीस जण ओरडले. खिडकीची काच थरथरली.

"आज शुक्रवारच्या दिवशी तुझ्या पुढ्यात ही चाय आणि बिस्किटा ठेवली आसत, ती गोड मानून घी! ह्या आमच्या दौलतान कळत-नकळत काय चूक केली आसात, ती पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी पर्णिकाला कोपराने ढोसलं. पोर शाळेत सुट्टीचा अर्ज लिहायला शिकली होती, तोच तिने सुरू केला.

"रिस्पेक्टेड सर. विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट अवर अंकल दौलत इज स्केअर्ड ऑफ यू. प्लीज एक्स्क्यूज हिम. द टी इज हॉट. काइंडली डू द नीडफुल."

"येस सर!" वीस जण ओरडले. हे मी कोणाला शिकवलं नव्हतं. साइटवरची सवय.

दार धाडधाड वाजलं. खालचा वॉचमन खैरुद्दीन, धापा टाकत. "खाला, कौन मर गया?"

"कोई नहीं मरा. मरे हुए को समझा रहे हैं. अंदर आ, बिस्कुट खा."

तो आत आला आणि तोही हात जोडून उभा राहिला.

पुढे सरकायचं, तर भानुदासला आता कंठ फुटला. "थांबा. चूक काय, ता तेणी सवताच्या तोंडान सांगूक व्हया. नायतर गाऱ्हाणा पोचणा नाय."

हे बरोबर होतं. आमच्याकडे तशीच रीत. देवापुढे असो की भुतापुढे, 'काहीतरी चुकलं असेल' असं गुळमुळीत चालत नाही. काय केलं ते नावानिशी सांगायचं, चारचौघांत. मी म्हटलं, "सांग रे. काय केलंस या खुर्चीचं?"

दौलत खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बसलंय तेच्यार."

"एवढंच? बसायलाच असते ती."

"फोटो काढूक बसलंय." आणि बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. "तुम्ही मासे आणूक गेला होतात. रणजितचो कोट घातलंय, टाय लावलंय. मांडयेर फोन घेतलंय. खालचो लाँड्रीवालो कॅमेरो घेवन इलो. फोटो कावेरीक धाडलंय. पाठी लिवलंय, ह्या माझा ऑफिस, मी हॉटेलाचो मॅनेजर. सात वर्सां तिका हेच सांगतंय. आता ती येतली. ऑफिस बघूक मागतली. आणि मी हंय... भाकरी थापतंय, वयनी. बापयमाणूस आसान भाकरी थापतंय."

त्याने खुर्चीकडे बोट केलं. "तुम्ही गोष्ट सांगितलात, मालक येवन वाट बघता. माका समाजला. दुसऱ्याच्या जाग्यार बसलंय, म्हणान तो इलो."

पर्णिकाने माझा पदर ओढला. "आजी, शुड आय ट्रान्सलेट धिस?"

"नको. गप बस."

मला वाटलं होतं आता कोणीतरी हसेल, आणि जो हसेल त्याचा डबा मी त्याच क्षणी बंद केला असता. पण मागून एक वेल्डर खाकरला. "दौलतानू, माझो पण एक फोटो आसा. लँडक्रूझरीक टेकान."

"कोणाची?" मी विचारलं.

"म्हायत नाय. पार्किंगात होती."

"ती पांढरी? बँकेच्या मागची?" दुसरा म्हणाला. "तेकाच मी पण टेकलंय!"

मग काय, रांगच लागली. वीस जणांतले चौदा निघाले लँडक्रूझरवाले. एकाने तर अरबाच्या बंगल्याच्या गेटपुढे उभं राहून आईला लिहिलं होतं, ही आमची कंपनीची रूम. भानुदास दोन वेळा कान खाजवून म्हणाला, त्याचा गोल्फच्या काठीबरोबर आहे. खैरुद्दीनला कोणी हिंदीत समजावलं, तर तोही लाजत म्हणाला, उसके गाँव में सब समझते हैं ये बिल्डिंग उसीकी है. हॉलमध्ये असा हशा उठला की सायबाचा चहा बशीत सांडला.

फक्त दौलत हसत नव्हता. ते चौदा जण हसू शकत होते, कारण त्यांच्या बायका आठ-दहा दिवसांत येणार नव्हत्या. मला ते दिसलं. थाप माझीही होती आणि त्याचीही, पण माझी थाप उकरून काढून काही होणार नव्हतं. खरं भूत कुडाळला, कावेरीपाशी होतं, आणि तिथेच गाऱ्हाणं घालायला हवं होतं.

"यल्ला," मी म्हटलं. "चल, चप्पल घाल."

रोल्ल्याच्या मैदानाकडेच्या फोनबूथपुढे शुक्रवारी जत्रा असते. प्रत्येकाच्या हातात फोनचं कार्ड, प्रत्येक जण एवढ्याने ओरडतोय की फोनची गरजच नाही. मी रांग वगैरे मानली नाही. म्हातारी बाई बघून पोरांनी वाट दिली, काहींनी मी ढकलल्यावर दिली. मी गावच्या तिठ्यावरच्या दुकानात फोन लावला, कावेरीला बोलवून आण म्हटलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला. दौलत शेजारी, पर्णिका त्याच्या पलीकडे, पळू नये म्हणून त्याच्या शर्टाचं टोक धरून.

"हॅलो? कोण?" कावेरीचा आवाज, धापा टाकत आलेला.

मी रिसीव्हर दौलतला दिला. त्याने तो तसाच परत माझ्या हातात ठेवला.

"कावेरी, मी सगुणा वयनी. ऐक, कार्ड पळतंय. तुझा नवरा मॅनेजर नाही. हॉटेल नाही, माझी खानावळ आहे. खुर्ची इंग्रजाची, कोट रणजितचा, टाय रणजितचा, फोन बंद पडलेला. तो माझ्या घरी भाकऱ्या थापतो. वीस माणसांच्या. आता तुला तोंड कसं दाखवू म्हणून व्हिसा कॅन्सल करून पळतोय. बोल काय बोलायचं ते."

दौलतने डोळे मिटून घेतले. मग फोनमधून कसला तरी आवाज आला. मला वाटलं रडतेय.

हसत होती. दुकानातल्या लोकांना काहीतरी सांगत होती आणि तेही हसत होते.

"वयनी, ता माका फोटो बघितल्याबरोबर समाजला होता! टायवर पिठाची बोटां आसत. पाचय. पांढरीफेक. सायब गाठ सारखी करूक गेलो आणि हात पुसूक इसारलो. दर दिसाक भाकरी थापणाऱ्या बायलेक पिठाची बोटां वळखूक येवची नायत?"

"मग बोलली का नाहीस?"

"तेचा तोंड कसा खुलला होता फोटोत, ता बघितलास? कित्याक मोडू? मी आयेक दाखवलंय. आय म्हणाली, बरा झाला, जावई भाकरी थापता. वयनी, धा वर्सांची असल्यापासून मी थापतंय. माका कंटाळो इलो. तेका सांगा, थय येवन मी भाकरी करूचय नाय. तेणीच करूची. मी मासे बघतंय."

"मासे माझे आहेत," मी म्हटलं. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

"मग आपण बघू, वयनी," कावेरी म्हणाली. मी ओळखलं, ही माझ्या घरात टिकणार.

मी रिसीव्हर दौलतच्या कानाला लावला आणि सांगितलं, तिला सगळं ठाऊक आहे, फोटोवर तुझी पिठाची बोटं उमटलीत. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिकडे तीही गप्प झाली असावी. दोघं नुसती उभी. समुद्राच्या ह्या काठाला एक, त्या काठाला एक, आणि मध्ये कार्डावरचे आकडे धडाधड कमी होतायत.

"इज ही ओके?" पर्णिका म्हणाली.

"अरे बोल काहीतरी!" मी ओरडले. "श्वास ऐकायला फोन लावलाय का?"

दौलतने घसा साफ केला. "कावेरी," तो म्हणाला, "...शेळी खंय ठेवतलंस?"

आणि मग ती दोघं शेळीवर बोलायला लागली. शेळी मामाकडे, कोंबड्या शेजारी, घराची किल्ली कोणाकडे, पावसाआधी कौलं कोण चाळणार. रांगेतले ओरडत होते, खलास करो भाई, और लोग हैं. मी मागे वळून एकेकाला बघून घेतलं. गप्प झाले.

एकदम टुंग वाजलं. दौलत रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा.

"कट झाला," तो म्हणाला.

"मग परत लाव."

"कार्ड संपला, वयनी. तिका अजून सांगूचा होता, पातळ चादर घेवन ये, हंय एसी..."

"चल," मी म्हटलं. "कोपऱ्यावर मिळतं कार्ड. आणि उद्या रणजितला सांग, ते पेपर फाड म्हणून."

"ते मी सकाळीच सांगतंय," दौलत म्हणाला आणि माझ्या पुढे जवळजवळ पळतच कार्डवाल्याकडे निघाला. पर्णिकाच्या हातात त्याच्या शर्टाचं टोक अजून होतं, तीही त्याच्यामागे फरफटत गेली, "अंकल, वेट! वेट!" करत.